सर्वांसाठी एक दार

संगणकावर एखादा नवा प्रोग्राम बसवून झाला, की पडद्यावर एक लहानसे चित्र उमटते आणि त्याखाली त्या प्रोग्रामचे नाव दिसू लागते. त्या चित्रावर दोनदा टिचकी मारावी, की प्रोग्राम उघडतो. या चित्राला ‘शॉर्टकट’ म्हणतात, आणि हा शब्द आता आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की त्याला निराळा प्रतिशब्द शोधण्याची गरज कोणाला वाटत नाही. वापरणाऱ्याच्या दृष्टीने हे चित्र म्हणजेच तो प्रोग्राम होय. वस्तुतः प्रोग्राम निराळा आणि शॉर्टकट निराळा. प्रोग्राम ही घरातील खोली मानली, तर शॉर्टकट हे त्या खोलीत नेणारे दार आहे. खोली कितीही प्रशस्त असली, तरी तिचे दारच दिसले नाही तर ती असून नसल्यासारखी होते. हे दार कोठे बसवावे आणि ते कोणाकोणाला दिसावे, या वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाविषयी, श्रोतेहो, आज थोडे सांगावयाचे आहे.

प्रोग्राम बसवण्याचे काम करणारा जो प्रोग्राम असतो, त्याला इन्स्टॉलर म्हणतात. त्याला घरबांधणीतील गवंडी म्हणावयास हरकत नाही. तो आवश्यक त्या फाइली योग्य जागी नेऊन ठेवतो, संगणकाच्या नोंदवहीत त्यांची नोंद करतो, शॉर्टकट तयार करतो, आणि पुढे कधी हा प्रोग्राम काढून टाकावयाचा झाला तर त्यासाठी लागणारे साधनही मागे ठेवून जातो. ही सारी कामे एक-दोन मिनिटांत उरकतात. परंतु या गवंड्याला आरंभीच एका प्रश्नाचे उत्तर ठाऊक असावे लागते: हे घर एकट्याचे आहे की अनेकांचे? या प्रश्नाचा विचार न करता काम झाले, म्हणजे काय घडते ते एका उदाहरणाने पाहू.

अशी कल्पना करा, की एखाद्या गावातील वाचनालयात एक संगणक आहे. त्यावर तिघांची निरनिराळी खाती आहेत. एक खाते ग्रंथपालबाईंचे, दुसरे देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या मदतनिसाचे, आणि तिसरे संगणकाची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाचे. या तिसऱ्या खात्याला प्रशासकाचे, म्हणजे संगणकात हवे ते बदल करण्याचे अधिकार आहेत. पुस्तकांची सूची ठेवणारा एक नवा प्रोग्राम वाचनालयाने विकत घेतला. तंत्रज्ञाने येऊन आपल्या खात्यातून तो बसवला, चित्रावर टिचकी मारून तो चालतो याची खात्री करून घेतली, आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी ग्रंथपालबाईंनी आपल्या खात्यात प्रवेश केला, तर पडद्यावर नव्या प्रोग्रामचा मागमूसही नाही. त्यांनी दूरध्वनी केला, “तुम्ही प्रोग्राम बसवलाच नाही.” तंत्रज्ञ पुन्हा आला, आपल्या खात्यात शिरला, आणि चित्राकडे बोट दाखवून म्हणाला, “बाई, हा पाहा, आहे की!”

यात खोटे कोणीच बोलत नाही. प्रोग्राम यंत्रात आहे. त्याचे दार मात्र तंत्रज्ञाच्या खासगी खोलीत उघडते. दोष इन्स्टॉलर लिहिणाऱ्याच्या एका गृहीतकात आहे. जो प्रोग्राम बसवतो तोच तो वापरणार, असे त्याने मानले. आणि या गृहीतकाची किंमत मोजावी लागते ती ज्याला संगणकाचे ज्ञान सर्वांत कमी, त्याला. जाणकार माणूस शोधाशोध करून मूळ फाइल हुडकून काढील. नवखा माणूस मात्र ‘मलाच काही समजत नाही’ असे म्हणून मागे सरतो. नव्या साधनाविषयी त्याच्या मनात बसलेली ही भीती पुढे बराच काळ जात नाही.

हे गृहीतक आले कोठून, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. घरगुती संगणक प्रथम आला तो एकट्या माणसाचे यंत्र म्हणून. त्याचे नावच मुळी ‘पर्सनल कॉम्प्युटर’, म्हणजे वैयक्तिक संगणक. 1995 च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीची ‘विंडोज 95’ ही प्रणाली बाजारात आली. स्टार्ट मेनू, डेस्कटॉप आणि त्यावरील शॉर्टकट ही आज सर्वपरिचित झालेली मांडणी तिने घरोघरी नेली. त्या प्रणालीत निरनिराळ्या व्यक्तींसाठी निराळी मांडणी ठेवण्याची सोय होती, पण ती मुद्दाम चालू करावी लागे. बहुतेक घरांत संगणकापुढे जो बसेल त्याला एकच डेस्कटॉप दिसे. अशा यंत्रावर ‘माझे’ आणि ‘सर्वांचे’ यांत फरकच उरत नव्हता.

त्याच वेळी कार्यालयांसाठी मायक्रोसॉफ्टची दुसरी एक प्रणाली होती. तिचे नाव ‘विंडोज एनटी’. एकाच यंत्रावर अनेक माणसे काम करणार, हे तिच्या रचनेत प्रथमपासूनच धरलेले होते. 1993 मधील तिच्या पहिल्या आवृत्तीतच प्रोग्रामांचे वैयक्तिक गट आणि सामाईक गट असे दोन प्रकार होते, आणि सामाईक गट निर्माण करण्याचा अधिकार सामान्य वापरकर्त्याला नव्हता. 1996 च्या ‘एनटी 4.0’ मध्ये स्टार्ट मेनू आला, तेव्हा प्रत्येकाच्या स्वतंत्र फोल्डरांबरोबर ‘ऑल यूजर्स’ नावाचा एक सामाईक फोल्डरही आला. पुढे 2001 मध्ये ‘विंडोज एक्सपी’ आली आणि एनटीची ही बहुजनांची रचना घरातल्या संगणकावरही येऊन पोचली. वडील, आई, मुलगी यांची खाती आता निराळी झाली. परंतु इन्स्टॉलर लिहिणाऱ्यांच्या सवयी मात्र एका मालकाच्या काळातल्याच राहिल्या. आजही हा घोटाळा अधूनमधून भेटतो, त्याचे मूळ या जुन्या सवयीत आहे.

आता प्रत्यक्ष रचना कशी असते ते पाहू. विंडोजच्या आजच्या आवृत्तीत प्रत्येक वापरकर्त्यासाठी ‘यूजर्स’ या फोल्डरात त्याच्या नावाचा एक फोल्डर असतो. त्याचा डेस्कटॉप, त्याची कागदपत्रे, त्याच्या आवडीनिवडी या सर्वांचे ते घर. स्टार्ट मेनूतील त्याचे खासगी शॉर्टकटही त्याच्याच फोल्डरात, ‘ॲपडेटा’ नावाच्या एका आतल्या कप्प्यात असतात. याखेरीज दोन सामाईक जागा आहेत. सर्वांना दिसणाऱ्या डेस्कटॉपसाठी ‘यूजर्स’मध्येच ‘पब्लिक’ नावाचा फोल्डर आहे. सर्वांच्या स्टार्ट मेनूसाठी मुख्य ड्राइव्हवरील ‘प्रोग्रामडेटा’ या फोल्डरात जागा केलेली आहे. ‘विंडोज व्हिस्टा’ ही प्रणाली 2007 च्या आरंभी सर्वसामान्य ग्राहकांच्या हाती आली, तेव्हापासून ही मांडणी बहुतांशी कायम आहे.

यातील मर्म असे, की आपण पडद्यावर जो डेस्कटॉप पाहतो तो एका फोल्डराचा नसतो. आपला खासगी फोल्डर आणि सामाईक फोल्डर, या दोहोंतील चित्रे एकत्र करून संगणक ती एकाच पटावर मांडतो. स्टार्ट मेनूचेही तसेच. त्यामुळे सामाईक जागेत ठेवलेला एकच शॉर्टकट प्रत्येकाला आपल्या स्वतःच्या पडद्यावर असल्यासारखा दिसतो. वाड्याच्या चौकातील विहीर जशी प्रत्येक बिऱ्हाडाला आपलीच वाटते, तसा हा प्रकार आहे.

यावर कोणी म्हणेल, की सामाईक जागेची एवढी मातब्बरी कशाला? इन्स्टॉलरने प्रत्येक वापरकर्त्याच्या फोल्डरात एकेक शॉर्टकट टाकला, म्हणजे झाले. पण या उपायात दोन उणिवा आहेत. पहिली ही, की आज जी खाती आहेत त्यांचीच सोय त्यातून होते. पुढच्या महिन्यात वाचनालयात नवा मदतनीस आला आणि त्याचे खाते उघडले, तर त्याच्या वाट्याला काहीच येत नाही. दुसरी ही, की प्रोग्राम काढून टाकताना प्रत्येकाच्या खोलीत शिरून ते शॉर्टकट वेचावे लागतात, आणि एखादा तरी मागे राहतोच. सामाईक जागेत ठेवलेला शॉर्टकट एकच असतो. तो आजच्या सर्वांना दिसतो, उद्या येणाऱ्यालाही दिसतो, आणि काढावयाचा तेव्हा एकाच ठिकाणाहून काढता येतो.

मग इन्स्टॉलर लिहिणारे सरसकट तसे का करीत नाहीत? येथे अधिकाराचा प्रश्न उपस्थित होतो. सामाईक जागेत काही ठेवावयाचे तर प्रशासकाचा अधिकार लागतो, आणि ते योग्यच आहे. सर्वांच्या चौकात कोणीही यावे आणि काहीही रोवून जावे, अशी मुभा असू नये. व्हिस्टापासून विंडोजने याबाबत अधिक काटेकोरपणा आणला. प्रशासक नसलेला माणूस एखादा प्रोग्राम बसवू लागला, तर मध्येच एक चौकट पुढे येते आणि प्रशासकाचे नाव व परवलीचा शब्द मागते. प्रशासक खुर्चीच्या मागून पुढे वाकतो, आपला शब्द टाइप करतो, आणि काम पुढे चालू होते.

या क्षणी एक विलक्षण बदल घडतो. खुर्चीत बसलेली व्यक्ती तीच असते, पडदा तोच असतो. पण इन्स्टॉलर आता त्या व्यक्तीच्या नावाने चालत नसतो. तो प्रशासकाच्या नावाने चालू लागतो. अशा वेळी त्याने ‘सध्याच्या वापरकर्त्याचा डेस्कटॉप’ मागितला, तर संगणक त्याला प्रशासकाचा डेस्कटॉप काढून देतो. शॉर्टकट तेथे जाऊन बसतो. खुर्चीतली व्यक्ती आपल्या पडद्याकडे पाहत राहते आणि तेथे काहीच उमटत नाही. वाचनालयाच्या उदाहरणात तंत्रज्ञाने निदान स्वतःच्या खात्यातून काम केले होते. येथे तर ग्रंथपालबाई स्वतः संगणकापुढे बसलेल्या असूनही त्यांच्या वाट्याला तेच येते.

हा दोष लिहिणाऱ्याच्या लक्षात का येत नाही, याचे कारणही याच व्यवस्थेत दडलेले आहे. प्रोग्राम लिहिणारा बहुधा आपल्या यंत्राचा स्वतःच प्रशासक असतो. त्याच्यापुढे येणारी चौकट परवलीचा शब्द मागत नाही, केवळ संमती मागते. त्याने ‘होय’ म्हटले, की इन्स्टॉलर त्याच्याच नावाने, फक्त वाढीव अधिकाराने, चालू राहतो. शॉर्टकट त्याच्याच डेस्कटॉपवर उमटतो आणि त्याला वाटते, सारे यथास्थित आहे. म्हणून इन्स्टॉलरची परीक्षा लिहिणाऱ्याच्या खात्यात कधीच पुरी होत नाही. ती साध्या, अधिकार नसलेल्या दुसऱ्या खात्यात शिरूनच घ्यावी लागते.

हे सारे टाळण्याची साधने लिहिणाऱ्याच्या हाताशी आहेत, आणि ती अवघडही नाहीत. इन्स्टॉलर तयार करण्याची तीन साधने विशेष प्रचारात आहेत. पहिले मायक्रोसॉफ्टचे ‘विंडोज इन्स्टॉलर’. ते 1999 मध्ये ‘ऑफिस 2000’ बरोबर आले. त्यात ‘ऑलयूजर्स’ नावाचा एक गुणधर्म आहे. त्याची किंमत 1 ठेवली, की प्रोग्राम संपूर्ण यंत्रासाठी बसतो आणि शॉर्टकट आपोआप सामाईक जागी जातात. ती रिकामी ठेवली, की सारे काही एका वापरकर्त्यापुरते होते. कित्येक इन्स्टॉलर मध्येच ‘सर्वांसाठी’ की ‘केवळ माझ्यासाठी’ असे विचारतात, ते याच गुणधर्माचे बाह्य रूप होय.

दुसरे साधन ‘एनएसआयएस’. विनॅम्प हा संगीत ऐकवणारा प्रोग्राम ज्यांनी काढला, त्या नलसॉफ्ट कंपनीत ते जन्माला आले. त्यात ‘सेटशेलव्हारकॉन्टेक्स्ट’ अशी एक आज्ञा आहे. तिच्यापुढे ‘ऑल’ असे लिहिले, की त्यानंतर ‘डेस्कटॉप’ आणि ‘स्टार्ट मेनू’ या नावांचा अर्थ सामाईक जागा असा होतो. ही ओळ लिहिली नाही, तर त्याच नावांचा अर्थ चालू वापरकर्त्याच्या जागा असाच राहतो. एक ओळ विसरली, आणि वाचनालयातला प्रसंग घडला, इतके हे सोपे आहे.

तिसरे साधन ‘इनो सेटअप’. जॉर्डन रसेल यांनी ते 1997 मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. त्यात जागांची नावेच निराळी आहेत. सामाईक डेस्कटॉपच्या नावाआधी ‘कॉमन’ आणि खासगी डेस्कटॉपच्या नावाआधी ‘यूजर’ लावावे लागते. 2019 मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीत ‘ऑटो’ हे तिसरे उपपदही मिळाले. ते लावले, की प्रशासकाच्या अधिकाराने बसवताना सामाईक जागा आणि एकट्यापुरते बसवताना खासगी जागा, अशी निवड आपोआप होते. इतकेच नव्हे, तर प्रशासकाच्या अधिकाराने चालणाऱ्या इन्स्टॉलरमध्ये लेखकाने खासगी जागांचा उल्लेख केला, तर हे साधन त्याला आगाऊ सावध करते. चूक ग्राहकाच्या पडद्यापर्यंत जाण्याआधीच ती लिहिणाऱ्याच्या नजरेस आणून द्यावी, हे धोरण अनुकरणीय आहे.

तिन्ही साधनांत एक नियम सारखाच आहे. जागेचा पत्ता आपण लिहू नये. तो संगणकाला विचारावा. याचे कारण असे, की हे पत्ते बदलत आले आहेत. एक्सपीच्या काळी जो फोल्डर ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ या नावाखाली होता, तो व्हिस्टात ‘यूजर्स’खाली गेला. एक्सपीच्या जर्मन आवृत्तीत त्या फोल्डरांची नावेच जर्मन भाषेत होती, फ्रेंच आवृत्तीत फ्रेंच भाषेत. आज कित्येकांचा डेस्कटॉप ‘वनड्राइव्ह’ या सेवेच्या फोल्डरात हलवलेला असतो. जुना पत्ता ठोकून लिहिलेला इन्स्टॉलर अशा ठिकाणी आपले पत्र भलत्याच दारी टाकून येतो. विंडोज मात्र विचारले असता ‘सामाईक डेस्कटॉप आज येथे आहे’ असे अचूक सांगते. ज्याला विचारता येते, त्याने तर्क करू नये.

परंतु केवळ दार चौकात आणून भागत नाही. दारामागची खोलीही सर्वांना खुली असावी लागते. शॉर्टकट ही अगदी लहान फाइल असते. प्रोग्राम कोठे आहे, तो कोणत्या फोल्डरात उभा राहून सुरू करावा, त्याचे चित्र कोणते, एवढेच तीत नोंदलेले असते. आता प्रोग्रामच्या फाइली एका व्यक्तीच्या खासगी फोल्डरात ठेवल्या आणि शॉर्टकट मात्र सर्वांसाठी केला, तर दुसऱ्याला चित्र दिसेल, तो टिचकी मारील, आणि ‘आपणास परवानगी नाही’ असे उत्तर मिळेल. दिसणारे पण न उघडणारे दार हे न दिसणाऱ्या दारापेक्षाही अधिक खिजवणारे असते. म्हणून सर्वांचा प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’ या सर्वांना वाचता येणाऱ्या फोल्डरातच गेला पाहिजे.

याच्या उलट, प्रत्येकाच्या आवडीनिवडी आणि अपुरे काम ही त्या त्या व्यक्तीच्या खासगी फोल्डरात राहिली पाहिजेत. एकाने अक्षरे मोठी केली, म्हणून दुसऱ्याचीही मोठी व्हावीत हे बरे नव्हे. या खासगी नोंदी इन्स्टॉलरने करू नयेत, हेही ओघानेच येते. कारण तो ज्याच्या नावाने चालतो आहे तो भलताच कोणी असण्याचा संभव आपण पाहिलाच. प्रत्येक वापरकर्ता प्रोग्राम प्रथम उघडील, तेव्हा प्रोग्रामनेच त्याच्या नोंदी त्याच्या जागी तयार कराव्यात. इन्स्टॉलरने सर्वांचे पाहावे, प्रोग्रामने ज्याचे त्याचे पाहावे, अशी ही कामाची वाटणी आहे.

जे बांधले ते कधीतरी उतरवावेही लागते. प्रोग्राम काढून टाकणारा भागही याच विवेकाने लिहावा लागतो, आणि पुष्कळदा येथेच विसर पडतो. एनएसआयएसमध्ये बसवताना ‘ऑल’ ही आज्ञा दिली, पण काढण्याच्या भागात ती पुन्हा दिली नाही, तर काढणारा भाग खासगी डेस्कटॉपवर शॉर्टकट शोधतो. तेथे तो नसतोच. काढणारा काम झाले असे सांगून निघून जातो, आणि सामाईक डेस्कटॉपवर ते चित्र तसेच राहते. प्रोग्राम गेला, दार उरले. कोणी त्यावर टिचकी मारली, की संगणक ‘फाइल सापडत नाही’ असे सांगतो, आणि संगणक बिघडला असे मानून लोक पुन्हा तंत्रज्ञाला बोलावतात.

नव्या आवृत्तीच्या वेळीही असाच घोळ होतो. विंडोज इन्स्टॉलरच्या बाबतीत पहिली आवृत्ती एकट्यापुरती बसवली आणि पुढची सर्वांसाठी बसवली, तर नवी आवृत्ती जुनीला ओळखत नाही, कारण शोध ज्या त्या कक्षेतच घेतला जातो. परिणामी एका यंत्रावर एकाच प्रोग्रामच्या दोन प्रती नांदू लागतात. एकाला जुनी सूची दिसते, दुसऱ्याला नवी. म्हणून ‘सर्वांसाठी की एकट्यासाठी’ हा निर्णय पहिल्याच आवृत्तीच्या वेळी विचारपूर्वक घ्यावा, आणि मग तो सहसा बदलू नये.

इतके ऐकून असे वाटण्याचा संभव आहे, की सर्व काही सामाईक करणे हाच उत्तम मार्ग. तसे मात्र नाही. स्टार्ट मेनू हे प्रोग्रामांचे सूचिपत्र आहे. तेथे एक नोंद वाढली तर कोणाची अडचण होत नाही. डेस्कटॉप मात्र माणसाच्या मेजासारखा असतो. त्यावर काय असावे, हे ज्याने त्याने ठरवावे. सामाईक डेस्कटॉपवर ठेवलेले चित्र सामान्य वापरकर्त्याला काढूनही टाकता येत नाही, कारण ते काढावयास प्रशासकाचा अधिकार लागतो. प्रत्येक प्रोग्रामने आपले चित्र सर्वांच्या मेजावर आणून ठेवले, तर काही महिन्यांत मेज दिसेनासे होते. म्हणून सर्वांच्या स्टार्ट मेनूत नोंद करावी, आणि डेस्कटॉपवरील चित्राविषयी बसवणाऱ्याला विचारावे, ही रीत सभ्यपणाची आहे.

एकट्यापुरता प्रोग्राम बसवणे हेही काही गैर नाही. कार्यालयात ज्याला प्रशासकाचे अधिकार नाहीत, त्यालाही आपल्या कामाचे एखादे साधन हवे असते. मायक्रोसॉफ्टचा ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’ हा प्रोग्राम विंडोजसाठी दोन इन्स्टॉलरांनिशी मिळतो. एक वापरकर्त्यापुरता, दुसरा संपूर्ण यंत्रासाठी. पहिला आपल्या फाइली आणि आपले शॉर्टकट खासगी फोल्डरात ठेवतो आणि कोणाचीही परवानगी मागत नाही. यात खोली आणि दार दोन्ही एकाच माणसाची आहेत, म्हणून ते सुसंगत आहे. घोटाळा होतो तो सरमिसळीतून.

हा विचार केवळ विंडोजपुरता नाही. लिनक्स प्रणालीत प्रोग्रामांची दारे ‘.डेस्कटॉप’ या नावाने संपणाऱ्या छोट्या फाइलींत लिहिलेली असतात. सर्वांसाठीची फाइल ‘यूएसआर’ या फोल्डराखालील सामाईक जागेत जाते, आणि एकट्यासाठीची त्याच्या घरच्या फोल्डरात. ॲपल कंपनीच्या संगणकावरही मुख्य ‘ॲप्लिकेशन्स’ फोल्डर सर्वांचा असतो, आणि ज्याला हवा त्याला तसाच खासगी फोल्डर आपल्या घरात करता येतो. तिन्ही प्रणाली निराळ्या हातांनी घडल्या. पण अनेकांनी एक यंत्र वापरावयाचे म्हटले, की सामाईक आणि खासगी अशा दोन जागा कराव्याच लागतात.

ज्यांना इन्स्टॉलर लिहावयाचा नाही, केवळ प्रोग्राम वापरावयाचा आहे, त्यांनीही यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नवा प्रोग्राम पडद्यावर दिसत नाही, म्हणून तो बसलाच नाही असा निष्कर्ष लगेच काढू नये. तो कोणाच्या खात्यातून बसवला गेला, हे प्रथम विचारावे. आणि ज्याच्या हाती प्रशासकाचा अधिकार आहे, त्याला हा दोष हातानेही दूर करता येतो. विंडोजचे बोधचिन्ह असलेली कळ आणि ‘आर’ ही कळ एकदम दाबली, की एक चौकट उघडते. तीत ‘शेल’ हा शब्द, त्यानंतर विरामाची दोन टिंबे आणि पुढे ‘कॉमन डेस्कटॉप’ हे शब्द रोमन लिपीत लिहिले, की सामाईक डेस्कटॉपचा फोल्डर समोर येतो. ‘कॉमन प्रोग्राम्स’ असे लिहिले, की सामाईक स्टार्ट मेनूचा. आपल्या डेस्कटॉपवर अडकलेला शॉर्टकट तेथे नेऊन ठेवला, की तो सर्वांना दिसू लागतो. मात्र असा हाताने ठेवलेला शॉर्टकट प्रोग्राम काढताना आपोआप जाईलच असे नाही. तो हातानेच काढावा लागेल, हे विसरू नये. आणि मूळ प्रोग्राम खासगी फोल्डरात असेल, तर नुसता शॉर्टकट हलवून उपयोग नाही. तो पुन्हा सर्वांसाठी म्हणूनच बसवला पाहिजे.

आपल्या देशात एक संगणक एकाच माणसाने वापरावा, अशी परिस्थिती सर्वत्र नाही. शाळेची संगणक-खोली, वाचनालय, ग्रामपंचायतीची कचेरी, लहानसे दुकान, किंबहुना पुष्कळ घरेही अशी आहेत, की जेथे एका यंत्रापुढे दिवसभरात चार-पाच माणसे पाळीपाळीने बसतात. तेथे प्रोग्राम बसवणारा एक असतो आणि वापरणारे दुसरेच असतात. ज्याने इन्स्टॉलर लिहिला, त्याला ही माणसे कधी भेटत नाहीत; तो कदाचित दुसऱ्या खंडात बसलेला असतो. तरीही त्याने एक ओळ विचाराने लिहिली, तर त्या सर्वांचे काम सुरळीत चालते. ती ओळ त्याने गाळली, तर एखादी बाई, एखादा विद्यार्थी ‘हे यंत्र माझ्यासाठी नाही’ असे मनाशी म्हणून उठून जातो.

म्हणून इन्स्टॉलर लिहिणाऱ्याने आपले काम पुरे झाले असे म्हणण्यापूर्वी इतके करावे. एका यंत्रावर साधे, अधिकार नसलेले खाते उघडावे. त्या खात्यातून, प्रशासकाचा परवलीचा शब्द देऊन, आपला प्रोग्राम बसवावा. मग त्या खात्यात, प्रशासकाच्या खात्यात आणि त्यानंतर नव्याने उघडलेल्या तिसऱ्या खात्यात जाऊन पाहावे, की दार दिसते का आणि ते उघडते का. शेवटी प्रोग्राम काढून टाकून तिन्ही ठिकाणी पुन्हा पाहावे, की काही मागे उरले आहे का. या परीक्षेला अर्धा तासही लागत नाही.